पुतळ्याची समोरची बाजू



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी मला इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी चित्रकला शिकवली. त्यांच्याकडे खाकी पुठ्ठ्याचा एक जाड अल्बम होता. त्यात इटलीतल्या शिल्पांचे जुने, तपकिरी पडलेले फोटो चिकटवलेले होते. फोटो वरच्या कडेनेच चिकटवले होते, म्हणजे उचलून मागची बाजू बघता यायची. प्रत्येकाच्या मागे सरांनी पेन्सिलीने एक लहान चौकोन काढला होता आणि चौकोनाकडे तोंड केलेला एक बाण. चौकोन म्हणजे पुतळ्याचा चौथरा आणि बाण म्हणजे कॅमेरा. आम्ही पोरं पुतळ्याबद्दल काही बोलायला लागलो की सर अडवायचे. "आधी हा माणूस कुठे उभा होता ते सांग. पुतळ्याचं मग बघू."

आजचं व्याख्यान त्या बाणाविषयी आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीतल्या शिल्पकारांनी ग्रीक-रोमन मूर्तींना गुरू मानून जी शिल्पं घडवली, ती आपल्यापैकी बहुतेकांनी आधी फोटोत पाहिली आणि अनेकांनी फक्त फोटोतच पाहिली. मीही फ्लॉरेन्सला गेलो तो वयाची पन्नाशी उलटल्यावर. तोवर जे पाहिलं ते कुणीतरी निवडलेल्या एका जागेवरून, निवडलेल्या उजेडात. ही निवड पहिल्यांदा कुणी केली, कशी केली आणि त्यामुळे शिल्पं आपल्याला कशी दिसू लागली, हे मला आज मांडायचं आहे.

फोटोग्राफी आणि पुतळे यांची गाठ अगदी पहिल्या दिवसापासून पडलेली आहे. पॅरिसच्या दागेरचं 1837 सालचं सुरुवातीचं छायाचित्र घ्या. खोलीच्या कोपऱ्यात मांडलेल्या प्लास्टरच्या मूर्ती त्यात आहेत. पॅरिसमध्येच इपोलित बायार लहान लहान प्लास्टरच्या मूर्ती मांडून त्यांचे फोटो घेत होता. कारण साधं आहे. त्या काळी कॅमेऱ्यासमोर कित्येक मिनिटं स्थिर राहावं लागे आणि ते माणसाला जमत नाही. पुतळ्याला जमतं. शिवाय प्लास्टर पांढरं असतं, त्यामुळे कमी उजेडातही उठतं.

पण या गोष्टीवर नीट विचार केला तो इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने. 1844 ते 1846 या काळात त्याने 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागांनी काढलं. खऱ्या छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेल्या त्या पुस्तकात एकूण चोवीस चित्रं आहेत आणि त्यांतली दोन एकाच मस्तकशिल्पाची आहेत. पॅट्रोक्लस नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन शिल्पाची ती प्लास्टरची प्रत. ज्या माणसाला जगापुढे नवा शोध मांडायचा आहे आणि ज्याच्याकडे मोजक्या चोवीस जागा आहेत, त्याने एकाच वस्तूला दोन जागा द्याव्यात! सोबतच्या मजकुरात तो सांगतो की पुतळा थोडा फिरवला, सूर्य तिरका घेतला, कॅमेरा जवळ-लांब केला, की त्याच पुतळ्याची कितीतरी वेगळी चित्रं मिळतात. ढगाळ दिवसाचा मऊ उजेड त्याला पसंत होता. आणि ऊन असेलच तर कुणीतरी एका बाजूला पांढरं कापड धरून उभं राहावं, म्हणजे सावलीत बुडालेल्या भागावर थोडा उजेड परत येतो, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. लग्नाच्या हॉलमध्ये फोटोग्राफरचा मदतनीस पांढरी छत्री घेऊन उभा असतो ना, तोच हा माणूस. टॅलबटला पहिल्याच झटक्यात कळलं होतं की पुतळा एक असला तरी त्याचे फोटो अनंत असतात. पुढच्या पन्नास वर्षांत धंदा वाढला, आणि नेमकी हीच गोष्ट विसरली गेली.

धंदा वाढला तो फ्लॉरेन्समध्ये. लिओपोल्दो अलिनारी या तरुणाने 1852 साली तिथे फोटोचं दुकान काढलं. तेव्हा तो विशीतला होता. दोन वर्षांत जुझेप्पे आणि रोमुआल्दो हे भाऊ त्याला येऊन मिळाले आणि 'फ्रातेल्ली अलिनारी', म्हणजे अलिनारी बंधू, हे नाव युरोपभर झालं. त्याच शहरात जाकोमो ब्रोजी होता, रोममध्ये जेम्स अँडरसन नावाचा इंग्रज होता. इटली बघायला येणारे प्रवासी परत जाताना पूर्वी कोरीव ठशांची चित्रं नेत, ते आता फोटो नेऊ लागले. प्रत्येक फोटोच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असे: क्रमांक, शहर, संग्रहालय, शिल्पाचं नाव, शिल्पकार. सरांच्या अल्बममधल्या बऱ्याच फोटोंवर ही ओळ होती. आम्हाला इटालियन येत नव्हतं, तरी 'फिरेंझे' म्हणजे फ्लॉरेन्स एवढं आम्ही त्या ओळीवरून शिकलो.

हे फोटो घेणं किती कष्टाचं होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली होती. काचेवर कलोडियन हा चिकट द्रव एकसारखा पसरायचा, अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतला की लगेच धुवायची, कारण काच वाळली की सगळं संपलं. म्हणजे जिथे पुतळा तिथेच अंधारी खोली किंवा तंबू उभारायला हवा. फोटो मोठा हवा तर काचही तेवढीच मोठी, कारण तेव्हा फोटो वाढवून छापायची सोय धंद्यात रुळलेली नव्हती. मग अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर उन्हात ठेवून प्रत काढायची. एवढं सारं करून हाती एक बाजू यायची. पुतळ्याभोवती फिरून आठ-दहा फोटो घ्यावेत हे आपल्याला आज सहज सुचतं. तेव्हा दर फोटोमागे अर्धा दिवस आणि एक मोठी काच खर्ची पडत असे. त्यामुळे एका पुतळ्याला एकच फोटो, फार तर दोन. निवडलेला तो कोन मग सूचीपत्रात जायचा, सूचीपत्रातून पुस्तकात, आणि पुस्तकातून आमच्या सरांच्या अल्बममध्ये.

आणखी एक अडचण रसायनाची. ही काच फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला जागी होत असे. पिवळा, तांबडा, तपकिरी हे रंग तिला जवळजवळ काळेच. नवा पांढरा संगमरवर छान उठायचा. पण चारशे वर्षांत पिवळसर झालेला संगमरवर होता त्याहून काळवंडलेला दिसायचा आणि त्यावरचा गंजाचा डाग भोकासारखा. ब्राँझची तर दैनाच होती. हेर्मान फोगेलने 1873 मध्ये काचेला रंगद्रव्य देऊन हिरव्या उजेडालाही जागं करण्याची युक्ती शोधली, पण ती रुळायला काही वर्षं गेली. तोवर ब्राँझच्या मूर्ती फोटोत कोळशासारख्या दिसत. मागे संग्रहालयाची भिंत, दारं, शेजारच्या मूर्ती येत असत, म्हणून निगेटिव्हवर पुतळ्याच्या कडेने रंग लावून मागचं सगळं झाकून टाकत. छापल्यावर तिथे कोरा पांढरा कागद उरे. पुतळा जमिनीपासून, भिंतीपासून, शहरापासून तुटून हवेत उभा राही. सरांच्या अल्बममध्ये असा एक फोटो होता, त्यात रंग लावणाऱ्याचा हात घसरून पुतळ्याच्या कानाची पाळीच गेली होती.

मागचं असं झाकून टाकण्याचं नुकसान सगळ्यात जास्त जाणवतं ते मायकेलअँजेलोच्या डेव्हिडबाबत. 1504 साली हा पाच मीटरहून उंच पुतळा फ्लॉरेन्सच्या नगरवाड्याच्या, म्हणजे पालाझ्झो वेक्क्योच्या, दाराशी उभा केला गेला. तिथे तो 1873 पर्यंत उघड्यावर होता. नंतर पावसापाण्यापासून वाचवण्यासाठी तो अकादमीच्या संग्रहालयात हलवला. चौकात आज उभी आहे ती प्रत 1910 मधली. म्हणजे 1850 नंतरची वीसेक वर्षं अशी आहेत की कॅमेरा आहे आणि मूळ डेव्हिडही त्याच्या जागी आहे. त्या काळातल्या फोटोंत मागे नगरवाड्याची खडबडीत दगडी भिंत दिसते. या ओबडधोबड भिंतीपुढे ती गुळगुळीत देहयष्टी कशी दिसत असेल, तिचा नागरिकांशी काय संबंध असेल, हे समजायला माझ्या मते याहून मोठा पुरावा नाही. आज तो एका गोल घुमटाखाली, वरून पडणाऱ्या सारख्या उजेडात उभा आहे. आपण त्याला कलाकृती म्हणून बघायला जातो. चौकातले तेव्हाचे लोक मात्र भाजी आणायला, खटल्याला, मिरवणुकीला जाताना त्याच्या पायाखालून जात होते.

लंडनमध्ये 1857 साली याच डेव्हिडची पूर्ण उंचीची प्लास्टरची प्रत पोचली. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने ती राणी व्हिक्टोरियाला भेट दिली आणि राणीने ती दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे पाठवली. त्या संग्रहालयाने 1856 पासूनच चार्ल्स थर्स्टन थॉम्प्सन हा स्वतःचा छायाचित्रकार नेमला होता. संग्रहालयाने पगारावर छायाचित्रकार ठेवणं ही तेव्हा अगदी नवी गोष्ट. प्लास्टरच्या प्रती आणि फोटो ही दोन्ही साधनं एकाच हेतूने जमवली जात होती. जो विद्यार्थी फ्लॉरेन्सला जाऊ शकत नाही त्याच्यापर्यंत फ्लॉरेन्स आणायचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही प्लास्टरच्या मूर्तींवरून चित्र काढण्याचा 'अँटिक'चा वर्ग त्याच विचारातून आला. सर त्या वर्गात बसलेले होते आणि तिथले तास ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. याच शाळेत शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांच्या 'मंदिरपथगामिनी'ची लंडनमध्ये वाहवा झाली तीसुद्धा फोटोमुळे. भारतीय कलांवर लिहिणाऱ्या जॉर्ज बर्डवुड यांनी त्या शिल्पाची तारीफ लिहिली, तेव्हा त्यांच्यापुढे मूर्ती नव्हती, तिची छायाचित्रं होती. वस्त्राच्या ज्या चुण्यांवर ते खूश झाले त्या उजेडाच्या कुठल्या कोनातून उठल्या होत्या, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे.

नुकसानाची बाजू सांगितली, आता फायद्याची. मेदिची घराण्याची समाधी असलेलं सान लोरेंझो चर्चमधलं दालन हे मायकेलअँजेलोचं काम. 1520 च्या सुमारास हाती घेतलेलं आणि 1534 मध्ये तो रोमला गेला तेव्हा अर्धवट राहिलेलं. इथल्या चार आडव्या आकृती, रात्र आणि दिवस, संध्याकाळ आणि पहाट, आपल्याला चित्रांतून ठाऊक आहेत. त्यांतल्या 'दिवसा'चं अंग आपल्याकडे पाठ करून वळलेलं आहे. खांद्यावरून तो मागे बघतो आणि त्याचा चेहरा अपुरा आहे. दातेरी छिन्नीच्या रेघा चेहऱ्यावर तशाच आहेत. तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्र करणारा कारागीर अशा चेहऱ्याचं काय करेल? तो नीट पूर्ण करेल. त्याच्या हाताला अपुरं काही कोरायची सवयच नाही. एक रेघ काढली की ती कशाची तरी असली पाहिजे. कॅमेऱ्याला अशी सवय नव्हती. आल्सासमधल्या डॉर्नाख इथल्या आडोल्फ ब्राऊनने 1860 च्या दशकाच्या अखेरीस या मूर्तींची छायाचित्रं घेतली. तो मुळात कापडावरच्या नक्षीचा रेखाटनकार, फुलांचे फोटो काढून नावारूपाला आलेला. त्याने कार्बनची पद्धत वापरली. त्यात चित्र रंगद्रव्याने उमटतं, म्हणून अल्ब्युमेनच्या, म्हणजे अंड्याचा बलक लावलेल्या कागदावरच्या, प्रतीसारखं ते पिवळं पडून विरत नाही. त्या गडद, उबदार तपकिरी प्रतींत छिन्नीच्या रेघा मोजता येतात. सोडून दिलेला दगड आणि घडवलेलं अंग यांच्यातली सीमा कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं. अपुरेपणातही शिल्पकाराचं म्हणणं असू शकतं, असं पुढच्या पिढीला वाटू लागलं. त्यामागे या फोटोंचा मोठा हात आहे असं माझं ठाम मत आहे.

पण याच फोटोंनी एक गोष्ट लपवली. या चारही आकृती शवपेट्यांच्या वळणदार झाकणांवर उतरत्या टेकलेल्या आहेत. पाय खाली सरकताहेत, आता घसरतील असं वाटतं. फोटो घेताना एकेक आकृती सुटी उचलली की खालची उतरण फ्रेमबाहेर जाते. मग 'रात्र' नुसती पलंगावर झोपलेली बाई वाटते. मी प्रत्यक्ष तिथे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा मला तो तोल दिसला, आणि चाळीस वर्षं मनात जपलेली 'रात्र' माझ्या डोळ्यांसमोर हलली. त्या दिवशी मी तिथे दोन तास बसून होतो.

उठावशिल्पांबद्दल थोडक्यात सांगतो. दोनातेल्लोने संगमरवरात अगदी उथळ उठाव केले, इतके उथळ की काही जागी दगड कागदाच्या जाडीएवढाच पुढे आलेला. समोरून उजेड टाकला तर तिथे काहीच दिसत नाही. बाजूने, भिंतीला घासून जाणारा उजेड हवा. संग्रहालयातल्या खिडकीच्या भरवशावर काम करणाऱ्या त्या छायाचित्रकारांनी दिवसाचा कोणता तास निवडला असेल, याचा विचार मी असे फोटो बघताना नेहमी करतो.

आता त्या माणसाकडे येतो ज्याने छायाचित्रकारांना उघडपणे जाब विचारला. हाइनरिश व्योल्फलिन हा स्विस कलाइतिहासकार, बाझेलच्या विद्यापीठात इतिहासकार याकोब बुर्कहार्टच्या जागेवर बसलेला. 1896 आणि 1897 मध्ये, आणि पुन्हा 1915 मध्ये, त्याने शिल्पांचे फोटो कसे घ्यावेत या विषयावर लेख लिहिले. त्याची तक्रार अशी: छायाचित्रकार पुतळ्यासमोर उभे राहत नाहीत. ते कोपऱ्यात सरकतात, कारण तिरक्या बाजूने चित्र चटकदार येतं. पण जुन्या शिल्पकारांनी मूर्ती घडवताना एक मुख्य बाजू ठरवलेली असते. तिथून पाहिलं की हात, पाय, कंबर, मान सगळं एका नजरेत स्पष्ट वाचता येतं. ती जागा सोडली की शिल्पकाराचं म्हणणं मोडतं.

त्याचं ठळक उदाहरण वेर्रोक्क्योच्या ब्राँझ डेव्हिडचं होतं. हा मायकेलअँजेलोचा नव्हे, त्याच्या आधीच्या पिढीतला. सव्वा मीटर उंचीचा कोवळा पोर, डावा हात कमरेवर, उजव्या हातात आखूड तलवार, पायांशी गोलायथचं कापलेलं डोकं. मेदिची बंधूंनी तो 1476 साली दीडशे फ्लोरिनला फ्लॉरेन्सच्या सरकारला विकला. आज तो बार्जेल्लो संग्रहालयात आहे. तिरक्या फोटोत कमरेवरचा हात अंगात मिसळतो. समोरून बघा, त्या कोपरामुळे कमरेशी एक मोकळा त्रिकोण तयार होतो आणि त्या त्रिकोणातून पोराची ऐट कळते. व्योल्फलिनचं हे निरीक्षण मला बिनतोड वाटतं.

तरी मी त्याचा पूर्ण शिष्य नाही. शंभरेक वर्षं पुढे या. जांबोलोन्याचं 1583 मधलं सबीन स्त्रीच्या अपहरणाचं शिल्प चौकातल्या लोजियात, म्हणजे कमानींच्या उघड्या ओसरीत, उभं आहे. तीन देह एकमेकांभोवती पिळत वर जातात. त्याला समोरची बाजूच नाही. शिल्पकाराने ती ठेवलीच नाही, तुम्हाला गोल फिरायला लावावं म्हणूनच ते घडवलं आहे. तिथे व्योल्फलिनचा नियम चालत नाही आणि कुठलाही एक फोटोही पुरत नाही. दुसरी गोष्ट. वर्गात दोन फोटो शेजारी शेजारी पडद्यावर टाकून शिकवणारा माणूस होता व्योल्फलिन. मूर्तीला एक खरी बाजू असते हा आग्रह कुठून आला असेल? मूर्ती बघून आला असेल, पण रोज सपाट कागद बघूनही आला असेल, असं मला वाटतं.

आणि त्या वेर्रोक्क्योच्या डेव्हिडचंच पुढे काय झालं ते ऐका. 2003 साली त्याची स्वच्छता झाली. शतकांच्या काजळीखालून केसांवर, वस्त्राच्या काठांवर सोन्याच्या मुलाम्याच्या खुणा निघाल्या. निळ्यालाच जाग्या होणाऱ्या त्या जुन्या काचांना सोन्याचा हा पिवळा रंग असता तरी काळाच दिसला असता. त्याहून महत्त्वाचा प्रश्न डोक्याचा. गोलायथचं डोकं दोन पायांच्या मधे बघायची आपल्याला सवय आहे. पण अभ्यासकांनी असं मांडलं की मुळात ते डेव्हिडच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला असावं. नंतर अमेरिकेत भरलेल्या प्रदर्शनात ते तसं ठेवून दाखवलंही. डोकं बाजूला सरकलं की सगळ्या मूर्तीचं तोंड फिरतं. बघणाऱ्यालाही कोपऱ्याकडे सरकावं लागतं, म्हणजे ज्या तिरक्या जागेवरून फोटो घेतले म्हणून व्योल्फलिन रागावला होता, जवळजवळ तिकडेच. बिचाऱ्या त्या निनावी छायाचित्रकारांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण त्यांच्या पायांनी जी जागा शोधली ती निव्वळ चटकदारपणापोटी होती, असं मी आता म्हणू धजत नाही.

सरांच्या अल्बममध्ये हा पुतळा आहे. तिरकाच फोटो आहे. मागे चौकोन आणि कोपऱ्यातून येणारा बाण. त्या बाणावर सरांनी नंतर कधीतरी काट मारली आहे आणि समोरून दुसरा बाण काढला आहे. व्योल्फलिन त्यांच्या वाचनात आला असणार. 2003 ची बातमी कळायला सर राहिले नाहीत.

हा अल्बम त्यांच्या कुटुंबीयांनी आज इथे आणू दिला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बाहेरच्या दालनात तो टेबलावर ठेवला आहे, फोटो उचलून मागची बाजू बघायला हरकत नाही, फक्त हात कोरडे असू द्या. शेजारी सरांच्या वर्गातली प्लास्टरची मूर्ती आहे, एक दिवा आहे आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा आहे. दिवा हलवता येतो. दोघादोघांनी जा, एकाने कापड धरा.